कडेचा माणूस

ग्रुप फोटोची वेळ आली की माणसांचे दोन प्रकार पडतात. एक मधे घुसणारे आणि दुसरे 'राहू दे रे, मी इथेच बरा' म्हणत कडेला उभे राहणारे. फोन आडवा धरून ०.५ वर बोट ठेवलं की वीसच्या वीस जण मावतात, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर फोटो आला की कडेच्या माणसाच्या लक्षात येतं, आपलं डोकं कलिंगडासारखं आडवं झालंय. मधे घुसलेले मात्र जसेच्या तसे.

या कडेच्या माणसाचा इतिहास शोधण्यात माझे गेले दोन-तीन वीकेंड गेले. सुरुवात साध्या कुतूहलाने झाली: लेन्स बनवणारे लोक इतके हुशार, मग ही एक गोष्ट त्यांना सुधारता कशी येत नाही? शोधल्यावर कळलं की प्रश्न एक नाही, दोन आहेत. अल्ट्रा-वाइड लेन्समध्ये फोटोची कड काळी पडते आणि कड ताणली जाते. पहिल्या प्रश्नावर इंजिनिअर लोकांनी शंभर वर्षं डोकं आपटून बऱ्यापैकी विजय मिळवला. दुसऱ्यावर विजय मिळूच शकत नाही, तिथे गणितच आडवं येतं. भुर्दंड कोणी भरायचा एवढंच काय ते ठरवता येतं.

आधी अल्ट्रा-वाइड कशाला म्हणायचं ते बघू. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमीची. तिच्यावर ५० मिमीची लेन्स म्हणजे नॉर्मल, ३५ आणि २८ म्हणजे वाइड, आणि २४ च्या खाली उतरलात की अल्ट्रा-वाइडचा मुलूख सुरू. फोनवरचं ०.५ या हिशोबात साधारण १३ मिमी पडतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १२० अंशांच्या आसपास.

आता गंमत बघा. १२० अंश बघणारी लेन्स १८५९ सालीच बनली होती! थॉमस सटन नावाच्या इंग्रज गृहस्थाने त्या वर्षी तिचं पेटंट घेतलं. (हाच सटन पुढे १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलसाठी चौकड्याच्या रिबिनीचे तीन फोटो काढणारा. जगातला पहिला रंगीत फोटो म्हणून जो दाखवतात, तो.) त्याची लेन्स म्हणजे जाड काचेच्या दोन वाट्या समोरासमोर आणि मधे चक्क पाणी. डोकं बघा कसं चाललंय: गोळा कुठूनही बघितला तरी गोळाच दिसतो, म्हणजे कडेने येणाऱ्या किरणालाही तीच लेन्स भेटते जी मधून येणाऱ्याला भेटते. पक्षपात नाही. पण मग चित्रही वक्र पृष्ठभागावर पडतं, त्यामुळे काचेची प्लेटही वाकवलेली लागते. तो काळ ओल्या प्लेटचा. काचेवर कलोडियन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, आणि सुकायच्या आत फोटो काढून डेव्हलपही करायचा. सपाट काचेवरही हे कसरतीचं काम, सटनसाहेबांच्या गिऱ्हाइकाला ते वाकड्या काचेवर करायचं होतं. होल्डर वाकडा, रसायनाची टाकी वाकडी. धंदा चालला नाही यात नवल काहीच नाही.

सटनच्या लेन्समध्ये मधलं छिद्र, म्हणजे अपर्चर, गोल नव्हतं. ते फुलपाखराच्या आकाराचं होतं, मधल्या प्रकाशाला अडवणारं आणि कडेच्या प्रकाशाला जाऊ देणारं. म्हणजे कड काळी पडते हे दुखणं तेव्हाच माहीत झालं होतं.

हे दुखणं नेमकं काय आहे? इंजिनिअरिंगला कॉस थीटा जन्माला पुरेल इतका भेटतो, इथे तो चार वेळा भेटतो. कडेचा बिंदू लेन्सपासून जास्त लांब, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. इथे दोन कॉस गेले. बाजूने बघितलं तर अपर्चरचं गोल छिद्र लंबगोल आणि बारीक दिसतं, तिसरा कॉस. आणि फिल्मवर प्रकाश तिरका पडतो, संध्याकाळच्या उन्हासारखा, जास्त जागेवर पसरतो, चौथा. थोडक्यात, साध्या लेन्समध्ये कडेचा उजेड कॉस थीटाच्या चौथ्या घाताने घटतो. ४५ अंशांवर मधल्याच्या पाव. ६० अंशांवर एक सोळांश. अंधार झपाट्याने येतो.

१९०० साली बर्लिनच्या गोएर्झ कंपनीने एमिल फॉन होएग याने डिझाइन केलेली हायपरगॉन नावाची लेन्स बाजारात आणली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात आवडती वस्तू. दोन पातळ काचेच्या वाट्या, जवळजवळ अर्धगोल, एकमेकींकडे तोंड करून. बस, एवढंच. दृष्टिकोन १३५ अंश, आणि चित्र सपाट प्लेटवर. ७५ मिमीची हायपरगॉन ८ बाय १० इंचाची अख्खी प्लेट भरून काढायची. बदल्यात ती रंगदोष सुधारत नव्हती, आणि अपर्चर एफ/२२ इतकं बारीक, म्हणजे एक्स्पोजर लांबच लांब. आणि कॉसचा हिशोब लावून बघा: अर्धा कोन साडेसदुसष्ट अंश, म्हणजे कडेला मधल्याच्या साधारण ४६ वा हिस्सा उजेड. मधलं जळून पांढरं होणार आणि कड कोळसा.

यावर गोएर्झवाल्यांनी काय करावं? त्यांनी लेन्सच्या तोंडापुढे एक छोटं चांदणीच्या आकाराचं चक्र बसवलं. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने ते गरगर फिरायचं. चांदणी मधे भरीव आणि टोकांकडे निमुळती, त्यामुळे फिरताना मधला उजेड जास्त अडायचा आणि कडेचा कमी. एक्स्पोजरचा बराचसा वेळ ते फिरवत ठेवायचं आणि शेवटी बाजूला पाडायचं, नाहीतर मध्यभागी चक्राचाच फोटो. चर्चच्या आत तिपाईवर कॅमेरा लावून, एका हाताने फुगा दाबत उभा असलेला फोटोग्राफर डोळ्यांसमोर आणा. आज आपण 'विन्येट करेक्शन' म्हणून एक स्लायडर सरकवतो, तोच हा स्लायडर, वाऱ्यावर चालणारा. :)

हायपरगॉनने दुसराही प्रश्न ढळढळीतपणे समोर ठेवला. ही लेन्स सरळ रेषेला सरळ ठेवते. खांब, भिंती, खिडक्या, सगळं फुटपट्टीने आखल्यासारखं. इमारतींचे फोटो काढणाऱ्याला तेच हवं असतं. पण याची किंमत अशी की मध्यापासून जितकं लांब जाल तितकी प्रत्येक वस्तू बाहेरच्या दिशेने ताणली जाते. किती ताणली जाते, याचाही हिशोब कॉसच करतो. एखादा चेंडू कडेला ठेवला तर तो एक भागिले कॉस थीटा इतका लांबट दिसतो. २४ मिमी लेन्सच्या डाव्या-उजव्या कडेला सव्वापट. १२ मिमीच्या कडेला १.८ पट. ६० अंशांवर थेट दुप्पट. आणि डोकं हाही एक चेंडूच.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात हॉल छोटा होता म्हणून फोटोग्राफरने स्टेजवरचे सगळे फोटो असल्याच लेन्सने काढले. अल्बम आल्यावर आत्या चिडलीच. "मी एवढी रुंद आहे का रे?" मी तिला सांगितलं की आत्या, यात तुझा दोष नाही आणि खरं तर लेन्सचाही नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून पुढचं स्पष्टीकरण मी गिळलं, ते इथे देतो.

हा फोटो खोटा नाहीये. तो एका ठरावीक ठिकाणाहून बघितला तर अगदी बरोबर दिसतो. १४ मिमी लेन्सने काढलेला फोटो दहापट मोठा करून छापला, तर तो डोळ्यांपासून १४ सेंटीमीटरवर, बरोबर मध्यासमोर एक डोळा ठेवून बघायचा. मग कडेची आत्या तुमच्या डोळ्याला तिरकी दिसते, तिरकी दिसल्याने अरुंद दिसते, आणि ताणलेलं सगळं परत जागेवर येतं. रस्त्यावर लांबट रंगवलेली 'हळू' अशी अक्षरं गाडीतून नीट वाचता येतात ना, तसंच. पण अल्बम नाकाला लावून कोण बघतं? आपण हातभर अंतरावर धरतो, म्हणजे चुकीच्या जागेवरून बघतो.

बरं, मग लेन्सच अशी का बनवू नये की डोकीही गोल राहतील आणि रेषाही सरळ? कारण आपल्याभोवतीचं दृश्य गोलावर पसरलेलं असतं आणि कागद सपाट. गोल पृष्ठभाग ताण न देता सपाट करता येत नाही, हे गाऊसने १८२७ मध्ये सिद्ध करून ठेवलंय. नकाशावाल्यांना तर हे आधीपासून भोगावं लागत होतं. मर्केटरने १५६९ च्या नकाशात जहाजांच्या दिशा बरोबर राखल्या, म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करायचा प्रयत्न करून बघा, कुठेतरी फाटणार किंवा ताणणारच. कुठे फाटू द्यायची एवढंच आपल्या हातात.

हायपरगॉनने माणसाला ताणायचं ठरवलं. मग कोणीतरी रेषांना वाकवायचं ठरवणार हे ओघाने आलंच.

ते 'कोणीतरी' म्हणजे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड. भारी माणूस. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये 'एन-किरण' नावाच्या शोधाचा गाजावाजा चालू असताना हे तिथे प्रयोग बघायला गेले, अंधारात गुपचूप उपकरणातला प्रिझम काढून खिशात टाकला, आणि तरीही समोरच्याला किरण 'दिसतच' राहिले. शोध तिथेच संपला. तर या वुड यांना प्रश्न पडला की पाण्यातल्या माशाला वरचं जग कसं दिसत असेल. वक्रीभवनामुळे पाण्याखालून बघितलं तर क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं अख्खं आकाश सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात गोळा होतं. त्यांनी पाण्याने भरलेल्या डब्याच्या तळाशी फोटोची प्लेट ठेवली, वर बारीक छिद्र, आणि १९०६ मध्ये ते फोटो छापले. 'फिश-आय' हा शब्द तिथून आला. कडेला उभी असलेली माणसं त्यात ताणली गेली नाहीत, उलट चेपली जाऊन मधल्यांबरोबर वाकून उभी राहिली, आणि खांब केळ्यासारखे झाले.

पाण्याचा डबा घेऊन कोण फिरणार? १९२३-२४ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी ढगांचे फोटो काढायला अख्खं आकाश सपाट प्लेटवर आणणारी काचेची लेन्स बनवली, आणि लंडनच्या बेक कंपनीने ती विकली. हे नाव बारावीच्या जीवशास्त्रात वाचल्यासारखं वाटतंय? बरोबर, प्रकाशसंश्लेषणातली 'हिल रिअॅक्शन' ती यांचीच. पुढे १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी हाच हिल कॅमेरा जंगलात जमिनीवर उताणा ठेवला आणि झाडांच्या छताखाली किती उजेड पोचतो ते मोजलं. म्हणजे ढगांसाठी केलेली लेन्स फिरून पानांपाशीच आली. हिल यांनी लेन्सच्या तोंडाशी एक मोठं वाटीसारखं अंतर्गोल भिंग ठेवलं होतं. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात सरळ रेषावाल्यांना एक तगडं गिऱ्हाईक मिळालं: विमानातून नकाशे बनवणारे. एकाच जागेचे दोन ठिकाणांहून फोटो घेतले की दोन डोळ्यांसारखी उंची मोजता येते. लेन्स जितकी वाइड तितके ते 'दोन डोळे' उंचीच्या मानाने लांब ठेवता येतात आणि डोंगर-दऱ्यांचं माप नेमकं येतं. शिवाय फोटो कमी लागतात, विमानाचं पेट्रोल वाचतं. १९३३ मध्ये झाइसच्या रॉबर्ट रिश्टर यांनी टोपोगॉन काढली. चार पातळ वाट्या, साधारण १०० अंश, एफ/६.३. आकृती शेजारी ठेवून बघितली तर हायपरगॉनची लेकच. अमेरिकेत बॉश अँड लाँबने त्याच घराण्यातली मेट्रोगॉन बनवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दल एका विमानात असे तीन कॅमेरे लावायचं, एक थेट खाली आणि दोन डाव्या-उजव्या बाजूला तिरके, की या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतची पट्टी एकाच उड्डाणात. या पद्धतीचं नाव ट्रायमेट्रोगॉन.

पण कॉसचा चौथा घात काही सोडत नव्हता, आणि नकाशाच्या कोपऱ्यात अंधार चालत नाही. इथे आले मिखाईल रुसिनोव, लेनिनग्राडचे. १९४६ च्या पेटंटात त्यांनी दोन्ही टोकांना मोठी अंतर्गोल भिंगं बाहेर फुगवून लावली. त्याने काय होतं? बाजूने बघताना अपर्चरचं छिद्र बारीक दिसायच्या ऐवजी मोठं दिसतं. रशियन तज्ज्ञ स्ल्युसारेव यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. चारपैकी एक कॉस सुटला. ६० अंशांवर एक सोळांशाच्या जागी एक अष्टमांश. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दुप्पट उजेड म्हणजे फोटोग्राफीत पूर्ण एक स्टॉप, आणि तोही फिरत्या चांदणीशिवाय. त्याच वाटेने लुडविग बेर्टेले यांनी स्वित्झर्लंडच्या विल्ड कंपनीसाठी विमानातली एव्हिओगॉन केली आणि झाइससाठी बायोगॉन. १९५४ मध्ये हॅसलब्लाडने ३८ मिमीची बायोगॉन एका चपट्या डब्याला कायमची जोडून ९० अंशांचा कॅमेरा विकायला काढला. नकाशावाल्यांची लेन्स आता गळ्यात अडकवता येत होती.

आणि नेमका तेव्हाच आरसा आडवा आला.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा हलतो. निकॉन एफच्या माउंटपासून फिल्म ४६.५ मिमीवर. २१ मिमीची बायोगॉन जातीची लेन्स फिल्मच्या अगदी अंगाला चिकटून बसते, मग आरसा कुठे जाणार? निकॉनने १९५९ मध्ये अशी २१ मिमी लेन्स काढली, तर आरसा आधी वर करून अडकवून ठेवायचा, मग लेन्स बसवायची, आणि वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावायचा. म्हणजे एसएलआर घेऊन त्याचं एसएलआरपण घालवायचं. यावरचा उपाय फ्रान्समध्ये तयार होता. पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिमीची लेन्स आणली होती: पुढे मोठं अंतर्गोल भिंग, मागे नेहमीची लेन्स, म्हणजे दुर्बीण उलटी धरल्यासारखं. (हिल यांची वाटी आठवली?) सिनेमात टेक्निकलरच्या कॅमेऱ्यासाठी, प्रिझमला जागा हवी म्हणून, इंग्लंडच्या एच. डब्ल्यू. ली यांनी १९३० च्या सुमारास हेच केलं होतं. आंजेन्यूच्या लेन्सचं व्यापारी नाव 'रेट्रोफोकस'. वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं या जातीच्या प्रत्येक लेन्सला ते चिकटलं.

रेट्रोफोकसला पुढचा-मागचा सारखेपणा नसतो, म्हणून दोष आपोआप कटत नाहीत. प्रत्येक दोषामागे एक जास्तीचं भिंग घालत जावं लागतं. निकॉनची १३ मिमी एफ/५.६ (१९७६) हे त्याचं टोक. ११८ अंश, सोळा भिंगं, सव्वा किलोच्या आसपास वजन, ऑर्डर दिली तरच बनवायचे. हायपरगॉन दोन भिंगांची होती हे विसरू नका. झाइसने उलट दिशेने हट्ट केला. १९६९ च्या होलोगॉन कॅमेऱ्यात १५ मिमीची लेन्स, फक्त तीन भिंगं, ११० अंश, आरसा नाही, अपर्चर एफ/८ वर कायमचं, आणि कडेच्या अंधारासाठी मधे गडद असलेला फिल्टर. लावला की दोन स्टॉप गेले. बरोबर धरायला मूठ दिलेली, कारण नाहीतर फोटोत स्वतःची बोटं यायची.

इथपर्यंत गिऱ्हाइकं सगळी मोजमापवाली: वास्तुविशारद, हवामानवाले, लष्कर. चित्रकाराच्या नजरेने याकडे बघणाऱ्यांत बिल ब्रँट मला सगळ्यात धाडसी वाटतो. त्याने १९४५ च्या सुमारास लंडनमध्ये एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा विकत घेतला. गुन्ह्याच्या जागेची नोंद करण्यासाठी पोलीस असले कॅमेरे वापरत: अतिशय वाइड लेन्स, सुईच्या टोकाएवढं अपर्चर, जवळचं लांबचं सगळं फोकसमध्ये. म्हणजे खोलीतलं काही सुटू नये म्हणून केलेलं यंत्र. ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' (१९४१) त्याच्या डोक्यात होता, ज्यात ग्रेग टोलंडने वाइड लेन्स इतकी खाली लावली की सेटला कापडाची छतं घालावी लागली. ब्रँटने त्या पोलिसी कॅमेऱ्यासमोर माणसाचं शरीर आणलं, अगदी हातभर अंतरावर. व्ह्यूफाइंडरमध्ये जवळपास काही दिसत नसे. गुडघा टेकडीएवढा, कान दगडासारखा, मागची खिडकी बोटाएवढी. १९६१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. ताण हा त्याच्या लेखी दोष नव्हताच, मालमसाला होता. पुढे 'आय अॅम क्यूबा' (१९६४) मध्ये उरुसेव्स्कीने आणि 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) मध्ये कुब्रिकने ९.८ मिमीची किनोप्टिक लेन्स घेऊन हेच सिनेमात केलं.

अल्ट्रा-वाइड म्हणजे 'जास्त मावतं' हा समज ब्रँटचे फोटो बघितले की गळून पडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दर रविवारी पंधरा जण १० मिमी लावून उभे असतात. कडा पूर्ण मावतो, आणि चहाच्या बशीच्या फुटलेल्या कडेएवढा दिसतो. जवळचं प्रचंड आणि लांबचं चिमुकलं करणं हा या लेन्सचा स्वभाव. पायाखालचा दगड फोटोत घेतला तरच तो कडा कडा वाटतो.

हा स्वभाव ज्यांना बरोबर कळलाय ते म्हणजे फ्लॅट भाड्याने देणारे. वेबसाइटवर वन बीएचकेचा हॉल असा दिसतो की तिथे बॅडमिंटन खेळावं. प्रत्यक्षात गेलं की सोफा आणि टीव्हीच्या मधून तिरकं चालावं लागतं. एक खूण सांगून ठेवतो: फोटोच्या कडेला चेंडूसारखं गोल काही असेल तर ते किती लंबगोल झालंय बघा. दीडपट लांबट दिसलं तर लेन्स साधारण १६ मिमी किंवा त्याहून वाइड होती, आणि समोरची खिडकी वाटते त्यापेक्षा खूप जवळ आहे. कॉस थीटा घरभाड्यातही उपयोगी पडतो.

डिजिटल आल्यावर कडेच्या अंधाराचा प्रश्न जवळजवळ सॉफ्टवेअरकडे गेला. (सुरुवातीला उलटच झालं होतं. सेन्सरला तिरका प्रकाश झेपत नाही, त्यामुळे फिल्मच्या जमान्यातल्या उत्तमोत्तम लेन्स लायका एम९ वर, म्हणजे २००९ मध्ये, कडेला लालसर छटा देत होत्या.) आणि मग दुसऱ्या प्रश्नालाही सॉफ्टवेअरने हात घातला. १९९५ मध्ये कॅलटेकच्या डेनिस झोरिन आणि अॅलन बार यांनी, रेषांचं सरळपण आणि आकारांचं गोलपण यांतलं काय किती सोडायचं, हे गणिताने तोलून दाखवलं. फोनमध्ये १३५ अंशांचा दुसरा कॅमेरा एलजीच्या जी५ ने २०१६ मध्ये दिला आणि २०१९ च्या आयफोन ११ पासून ०.५ घराघरात पोचलं. त्याच २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक पेपर मांडला. फोटोतले चेहरे ओळखायचे, फक्त तेवढ्या भागाला फिश-आयच्या कुळातल्या प्रक्षेपणाने गोल करायचं, मागच्या भिंती मात्र सरळ ठेवायच्या, आणि दोन्हींच्या मधे जे शिल्लक राहतं तिथे ताण हळूच मुरवायचा. सगळं फोनवरच, आपल्याला न विचारता.

गाऊसचा नियम इथे मोडलेला नाही. भुर्दंड आता चेहरा आणि भिंत सोडून मधल्या मोकळ्या जागेने भरला, जिथे कोणी बघत नाही. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे याचं मनापासून कौतुक वाटतं, आणि थोडी धाकधूकही. हायपरगॉन घेणाऱ्याला ठाऊक होतं की तो रेषा विकत घेतोय. आता एकाच फोटोत एका चौरस इंचाला एक नियम आणि शेजारच्याला दुसरा, आणि फोटोवर तसं कुठे लिहिलेलं नसतं. लग्नाच्या फोटोला काही बिघडत नाही. पण याच फोनने अपघाताच्या जागेचा फोटो काढला आणि त्यावरून कोणी अंतरं मोजायला बसलं तर? विमानातल्या कॅमेऱ्यांच्या प्रत्येक लेन्सची विकृती मोजून कागदावर लिहून ठेवत, ती याचसाठी. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याखाली 'लेन्स करेक्शन' असं एक बटण २०२० च्या आयफोन १२ पासून आहे, आणि ते आधीपासून चालूच असतं. बंद करून एकदा तोच फोटो परत काढून बघा.

गूगलवाल्यांची युक्ती तशी जुनीच. व्हॅटिकनमध्ये राफाएलने १५०९ ते १५११ च्या दरम्यान रंगवलेलं 'स्कूल ऑफ अथेन्स' हे भिंतचित्र आहे. कमानी, जमिनीवरच्या फरश्या, सगळं एका बिंदूकडे धावणारं, काटेकोर. चित्राच्या उजव्या कडेला दोघांच्या हातांत दोन गोळे आहेत, एक पृथ्वीचा आणि एक ताऱ्यांचा. कमानींना लावलेला नियम त्यांनाही लावला असता तर ते लंबगोल यायला हवे होते. राफाएलने ते स्वच्छ गोल काढलेत आणि माणसंही अशी काढलीत की प्रत्येकाकडे समोरून बघावं. त्या गोळ्यांच्या शेजारी, अगदी कडेला, काळी टोपी घातलेला एक तरुण आपल्याकडे बघत उभा आहे. तो राफाएल स्वतः.